छबुबाईची जागा

गहिनीनाथ दिल्लीहून नाटकाचं शिक्षण घेऊन परतला, तेव्हा तलवाड्यापलीकडच्या त्याच्या गावात नाटक कुणालाच नको होतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते, जनावरं छावणीवर होती आणि दूध संस्थेच्या शीतकेंद्रात रिकामे कॅन रांगेनं धूळ खात उभे होते. तरी त्यानं नाटकासाठी संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांच्या दारात चार महिने खेटे घातले. कधी ते चहा पाजत, कधी तासभर ओट्यावर बसवून ठेवत, आणि एकदा तर 'बी.एड. करून टाक' असं सांगून त्यांनी त्याला छावणीतल्या जनावरांची यादी लिहायला बसवलं. शेवटी दसऱ्याच्या सुमारास ते म्हणाले, "जानेवारीत संस्थेला पंचवीस वर्षं होतायत. कर तुझं नाटक. लोक बसून राहिले तर शीतकेंद्राचा हॉल तुझा. उठून गेले तर तिथं कडबा भरतो."

त्या रात्री गहिनीनाथला झोप आली नाही. या लोकांना त्यांचा आवाज द्यायचा, एवढ्यासाठीच तर तो परत आला होता. त्या हॉलमध्ये रंगमंच कुठे येईल, उजेड कुठून पाडायचा, हे सगळं त्यानं कधीच ठरवून ठेवलं होतं.

नाटक त्यानं छबुबाईसाठी लिहिलं. ती शाळेत कधी गेली नव्हती, पण पाणवठ्यावर ती कुणाची नक्कल करू लागली की बायका घागरी खाली ठेवून बसत. रिकामी घागर घेऊन घरी येणाऱ्या बायकोचं काम तिचं, नवऱ्याचं काम संस्थेतल्या रामहरीचं, आणि सासूचं भिवराबाईचं, जिचं वय आता ऊसतोडीच्या कोयत्याचं राहिलं नव्हतं. पंधरा दिवस शीतकेंद्रात तालमी रंगल्या. मग ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक ठरल्यापेक्षा आधी आला. उसाच्या फडात नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या नवऱ्याला कुणी नेत नाही. छबुबाई गेली.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ म्हणाला, "आता तिची वाक्यं काढून टाकावी लागतील."

"काढता कावून, सर?" रामहरीनं विचारलं. "तिची जागा ठिवू की."

त्यांच्याकडे रीतच होती. घरातलं माणूस उसाला गेलं की पंगतीत त्याच्या जागी त्याच्या नावाचा तांब्या भरून ठेवायचा, आणि ते परत येईतो त्या जागी कुणी बसायचं नाही. रामहरीनं छबुबाईच्या घरून तिचा तांब्या आणला आणि ती उभी राहायची तिथे ठेवला. तिचं वाक्य आलं की दोघं थांबत, ती जेवढा वेळ घेई तेवढाच, आणि मग पुढचं बोलत.

गहिनीनाथ हरखून गेला. रंगमंचावर एक भरलेला तांब्या, आणि एका बाईच्या बोलण्याएवढी शांतता! दिल्लीत तीन वर्षं घासून त्याला जे सुचलं नव्हतं, ते या माणसांनी सहज करून दाखवलं होतं. त्यानं वहीत 'अनुपस्थिती' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आठवड्याभरानं, अशाच एका शांततेत, रामहरी हसला.

"काय झालं?"

"काय न्हाई, सर. ती बोललीच तसं."

गहिनीनाथही हसला. नट भूमिकेत शिरू लागला होता. पण पुढे पुढे रामहरीची उत्तरं बदलू लागली. संहितेत बायको घागर आपटते आणि नवरा गप्प राहतो. रामहरी मात्र तांब्याकडे बघत म्हणाला, "मग माहेरी जायचं हाय तर जा की." भिवराबाईनं तोंडाला पदर लावला.

"हे वाक्य कुठून आणलं?" गहिनीनाथ उखडला. "माहेराचं मी काही लिहिलेलंच नाही."

"तिनं काढला माहेराचा इषय," भिवराबाई म्हणाली. "आता इचारल्यावर त्यानं मुक्यावानी बसायचं व्हय, नाथा?"

तो वही मिटून उठला आणि बाहेर पडला. त्याच्यामागे तालीम चालूच राहिली. दाराबाहेरून त्याला रामहरीचं बोलणं ऐकू येत होतं, मग शांतता, मग म्हातारीचं हसणं.

दोन दिवसांनी त्यानं मुकादमाच्या मोबाइलवर फोन लावला. छबुबाई बेळगावकडच्या फडात होती. मागे पाचटाची सळसळ ऐकू येत होती.

"छबुबाई, तालमीत काय चाललंय ते तुम्हाला कुणी सांगतं का?"

"कोन सांगनार, सर? हितं बोलायला सवड कुनाला?" मग तिच्या आवाजात रुसवा आला. "पर परवा माजं बोलनं चालू असताना तुमी उठून गेलात. लई वंगाळ वाटलं मला."

फोन कधी बंद झाला, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर तो रोज तांब्यासमोर बसू लागला. डोळे मिटून, श्वास रोखून, कान देऊन. त्याला कॅनवर बसलेल्या माशीची भुणभुण ऐकू येई. बाकी काही नाही. गावातल्या बायका आता तालमीला येऊन दारात बसत, आणि शांततेत त्यांचे डोळे भरून येत. त्या कशानं रडतात, हे त्यांना विचारायची त्याला लाज वाटे. नाटक त्याचं होतं.

जानेवारीत संस्थेच्या पंचविशीच्या सभेच्या दिवशी दुपारी मांडव गच्च भरला. गहिनीनाथ वही घेऊन पडद्याच्या कडेला उभा राहिला. पहिल्या शांततेत लोक हसले. तिसऱ्या शांततेत पोरंबाळं घेऊन बसलेल्या बायका हुंदके देऊ लागल्या. शेवटची शांतता त्यानं लिहिलीच नव्हती. ती चांगली दहा मिनिटं चालली आणि एकही माणूस जागचं हललं नाही. त्याच्या वहीत त्या जागी नुसता कोरा कागद होता.

सुंदरराव डोळे पुसत मंचावर आले. "हॉल नाटकाला दिला," ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "पण आधी या बाईचा सत्कार." त्यांनी शाल उलगडली आणि तांब्याच्या वर, खांद्याच्या उंचीवर, दोन्ही हातांनी अलगद पांघरली. गहिनीनाथनं मान खाली घातली. शाल खाली पडली की नाही, हे बघायचं त्याला धाडस झालं नाही.

"आता लेखकाचा. कुठं आहे आपला गहिनीनाथ?"

तो पुढे आला. मंचाच्या मधोमध, सुंदररावांपासून हातभर अंतरावर उभा राहिला. सुंदरराव त्याच्यावरून नजर फिरवत मांडवात शोधत राहिले.

"मी इथंच आहे, चेअरमन," तो म्हणाला.

रामहरीनं माइक घेतला. "सर कवाच गेले, साहेब. पर त्यांची जागा ठिवलीया आमी."

सगळा मांडव पहिल्या रांगेकडे वळून टाळ्या वाजवू लागला. तिथल्या एका खुर्चीवर काठोकाठ भरलेला तांब्या होता. तो दिल्लीला गेला तेव्हा आईनं त्याचं नाव कोरून घेतलेला. शेजारी आई बसली होती, आणि पाण्यात धूळ पडू नये म्हणून तिनं त्याच्यावर आपला पदर धरला होता.