डोहात उतरलेला पंप

मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पितळेचा नळा, लाकडी मूठ, रबराची लांब नळी. मूठ झिजलीय, नळी चिरलीय, पण मित्रांनो, ऐका, मला सगळं सांगायचंय आणि सावकाश सांगणं मला जमत नाही.

कारखान्यातून निघालो तो खोक्यात बसून शहापूरला आलो आणि अठ्ठावन्न साली शेणव्याच्या एका वाडीतल्या सुक्याच्या हाती पडलो. त्याला हिवतापाच्या फवारणीचं काम लागलं होतं. बादलीत डीडीटीची पांढरी पूड कालवायची, मला त्यात उभं करायचं आणि मूठ वरखाली. फुस्स, फुस्स. कुडाच्या भिंती पांढऱ्या झाल्या, डास पटापट पडले, आणि दोन वर्षांत ताप असा पळाला की बाया मला हळदकुंकू लावायला लागल्या. सुक्याची बायको येसू म्हणायची, "माझ्याकडं बघत नाय, पन पंपाला रोज पुसतो." मी नुसता फुगायचो.

वाडीखाली नदीचा डोह होता. दर वैशाखात पाणी आटलं की सगळी वाडी रानातल्या गेळीची फळं ठेचून त्यात टाकायची. मासे झिंगून वर यायचे, लागतील तेवढे धरायचे. राहिलेले दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन परत पोहायला लागायचे. आजेपणजे हेच करत आलेले, खाऊन कुणाला काही झालं नव्हतं.

त्रेसष्टच्या वैशाखात सुक्या म्हणाला, "दिसभर ठेचत कशाला बसायचं? आपल्याकडं पूड हाय ना." त्यानं उरलेली पूड कालवली, माझी नळी डोहात सोडली आणि मूठ दाबली. थोड्या वेळानं सगळा डोह माशांच्या पोटांनी पांढरा. टोपल्या भरल्या, घरोघरी कालवण शिजलं, वाडीनं सुक्याला डोक्यावर घेतलं.

पण दुसऱ्या दिवशी एकही मासा उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खेकडे गेले, बेडूक गेले.

थंडीत मुंबईहून सबनीसबाई आल्या. त्या समुद्रातले मासे तपासायच्या. खाडीच्या माशांत त्यांना ही पूड सापडली होती, म्हणून ती येते कुठून ते बघत त्या नदीनदीनं वर आल्या होत्या. पुरात डोहात आलेले चार मासे त्यांनी बाटलीत भरून नेले, त्यांतही पूड निघाली आणि महिन्यानं त्या परत आल्या.

"सुक्या, खरं सांगा. डोहात काय टाकलंत?"

सुक्यानं मला उचलून त्यांच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. "पन बाई, आमी धुतलं, शिजवलं. गेळीचंबी असंच करतो."

"गेळीचा जोर उतरतो. ही पूड उतरत नाही. माशाच्या चरबीत बसते, खाल्ला की आपल्यात येते. लगेच काही दिसत नाही, आत साठत राहते."

"मंग काढायची कशी?"

"ती काढता येत नाही."

आता आशा एकच होती. खालच्या वाडीच्या डोहात मासे होते. ते पावसात वर चढले तर आमचा डोह भरणार होता. म्हणून वैशाख लागताच सुक्या तिकडे गेला आणि तिथल्या धोंडीला म्हणाला, "माझी चूक झाली रे. तुमी गेळीच टाका. ती पूड इष हाय."

"तू ते कालवण खाल्लंस ना?" धोंडीनं विचारलं.

"खाल्लं."

"येसूनं?"

"तिनंबी."

"मंग मेलं का कोन? सवता टोपल्या भरल्यास आन आमाला इष सांगतोस. लई शाना."

जमलेले सगळे हसले. आणि खरंच कुणी मेलं नव्हतं.

दोन दिवसांनी सुक्या लाकडं आणायला रानात गेला आणि धोंडी मला आणि पुडीचं पोतं उचलून घेऊन गेला. मी काय करणार? मूठ दाबली की माझ्यातून पूड येते, दुसरं काही येत नाही.

सुक्या धावत आला तेव्हा खालचा डोह पांढरा झाला होता. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. एकेक मासा हातात धरून प्रवाहाकडे तोंड करून उभा करायचा, जरा वेळ थांबायचा, सोडायचा. मासा आडवा व्हायचा. तो दुसरा घ्यायचा.

"घे रे, लाजतोस काय," धोंडी काठावरून म्हणाला. "तुलाबी वाटा हाय."

मित्रांनो, एखाद्या वस्तूनं तुमचं भलं केलं म्हणून ती कुठंही नेऊ नका. आणि कुणी मेलं नाही, एवढ्यावर भरवसा ठेवू नका. मला हे सांगता येईपर्यंत दोन्ही डोह रिकामे झाले होते.