मुक्या शंखातला मुंजा

दुष्काळी कामावरची खडी फोडायची थांबली आणि सगळी माणसं कडुनिंबाखाली लोटली. शंखनाथ महाराज विजयमालेच्या छातीतला मुंजा काढणार होते!

विजयमालेला मधूनच धडधड सुटे. एकदम सुरू, एकदम बंद. एरवी बाई ठणठणीत, पाट्या उचलण्यात गड्यांना न हरणारी. पण महाराजांनी बजावलं होतं, "हिला मठात ठिवा." सासू कडूबाईनं गाठोडंही बांधलं होतं. धाकटं लेकरू अजून अंगावर पीत होतं. विजयमालेला मुंजापेक्षा त्या गाठोड्याचीच धास्ती होती.

आताही धडधड सुटताच महाराजांनी आपला शंख तिच्या हाती दिला. "फुंक बाई, जीव खाऊन फुंक!"

तिनं फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, शंख मुका. धडधड मात्र थांबली.

"मुंजा शंखात अडाकला, म्हनून आवाज न्हाई!" महाराज गरजले. "पर सांच्याला परत घरी येतो त्यो. बाई मठातच पायजे."

म्हणजे मुंजा नोकरदारच की!

देवीची लस टोचायला आलेल्या डॉक्टरीण गुगळेबाई मघापासून विजयमालेची नाडी धरून होत्या. त्यांनी शंख घेतला, अंबाड्यातला आकडा आत घातला आणि मेणाचा बोळा उपसला. मग स्वतःच फुंकला. भोंऽऽ!

"आगं बया, सुटला मुंजा!" कडूबाई उडालीच. त्या दणक्यानं विजयमालेची धडधड पुन्हा सुटली. महाराजांना जोर चढला.

"नाक दाब, तोंड मीट," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "बाळंतपणात लावलास तसा जोर लाव. आता सोड."

कडूबाईनं सुनेच्या छातीवर हात ठेवला. "आवं, थांबलं की! मंग मुंजा कुटं गेला?"

"नव्हताच. हृदयात बारीक वीज खेळते. हिची मधूनच आडवाटेला शिरून गरगर फिरते. जोर लावला की एक शीर तिला लगाम घालते. बंद शंखात फुंकलं तरी तेच. पण कधी नाही थांबलं, घेरी आली, तर तडक दवाखाना. नगरला कागदावर ठोक्यांचा आलेख काढतात, गोळ्या देतात."

महाराज शंख विसरून पसार झाले.

कडूबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं. विजयमाला दोन पावलं मागं सरली.

"बघती काय? लेकरू घे. नगरची यष्टी गाठायची हाय."

बायांनो, बाप्यांनो, शंख वाजत नसेल तर आधी बोळा शोधा. आणि छाती धडधडली तर डॉक्टर.