सहा वर्षे डबीत

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. जुने म्हणजे वापरून झिजलेले, असा समज मात्र करून घेऊ नका. माझ्या अंगावर एक ओरखडाही नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

कारखान्यात पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला भिंगाखाली धरून जोडले. पण खरे रूप आले ते कान तपासणाऱ्या एका बाईंच्या खोलीत. त्यांनी एका निवृत्त विणकराच्या उजव्या कानात मऊ लगदा भरून ठसा घेतला आणि त्यावरून माझा साचा बनवला. त्यामुळे त्या एका कानाखेरीज मी जगात कुणाच्याच कामाचे नव्हते.

त्या विणकरांना घरात बाबा म्हणत, मीही तेच म्हणेन. चौतीस वर्षे त्यांनी यंत्रमागावर काढली. त्या खडखडाटात कानाशी ओरडले तरी ऐकू जात नसे, म्हणून तिथले कामगार ओठ वाचत आणि हातांनी बोलत. हनुवटीला बोट लावले की मुकादम आला, मनगटावर दोन बोटे आपटली की चहा. त्यांची पत्नी, म्हणजे आई, गिरणीच्या त्याच खात्यात, त्याच मागांमध्ये होत्या. चार मागांच्या पलीकडून, तोंडातून एक शब्द न काढता, त्यांनी लग्न ठरवले होते.

पुढे बाबांचे कान गेले, तरी कुणाला पत्ता लागला नाही. पाहुणा काही बोलला की त्याच्या पाठीमागून आई बोटांनी सांगत आणि बाबा बिनचूक उत्तर देत. ही चोरी पकडली लेकीने. ती लांब नोकरीला होती, आणि फोनवर ना ओठ दिसत ना बोटे. तिचा फोन आला की बाबा "घे, तुझ्या लेकीचा आहे," म्हणत फोन आईंकडे सरकवत. शेवटी ती रजा काढून आली आणि त्यांना कानाच्या बाईंकडे घेऊन गेली.

"मला यांच्याशी बोलायचंय हो," ती म्हणाली. "आईकडून खुशाली कळते, पण बाबा काही भेटत नाहीत."

बाईंनी बाबांना समोर बसवून सावकाश सांगितले, "कमी ऐकू यायला लागलं की माणूस चारचौघांतून उठून जातो. डोक्याला नवं काही मिळेनासं होतं, आणि विसरण्याचा धोका वाढतो. म्हणून आत्ताच लावा. पहिले काही आठवडे त्रास होईल, तेवढा सोसा."

त्रास झालाच. ताटात चमचा पडला, वर्तमानपत्र चुरचुरले, नळ सुटला, आणि प्रत्येक वेळी बाबा दचकले. "पुन्हा खात्यात उभं केलंत मला," ते म्हणाले. पण दुसऱ्या संध्याकाळी आई उसवलेली शिवण घालत बसल्या होत्या, तेव्हा बाबांनी एकदम मान वर केली.

"तू गुणगुणतेस होय?"

"चाळीस वर्षं झाली," आई म्हणाल्या आणि लाजल्या.

माझ्या आयुष्यात माझे कौतुक झाले ते एवढेच. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला काढून टेबलावर ठेवले. "डोकं उठलं," ते म्हणाले.

"राहू द्या," आई म्हणाल्या. "मी असताना ते कानात कशाला खुपसायचं?"

मित्रांनो, यात प्रेमच होते. म्हणून मला त्यांचा धड रागही येत नाही.

आईंनी मला बटणांच्या पारदर्शक डबीत ठेवले. आठवड्यात माझा सेल संपला आणि मग बाबांसारखेच मीही नुसते बघून समजून घेऊ लागले. शेजारी अर्धा तास बोलून जात, आई दोन खुणांत उरकत: लग्न ठरले, किंवा कुणीतरी आजारी आहे. गमती, टोमणे, कोण काय म्हणाले, सगळे वाटेतच गळून जाई. आईंचे हातही आता दुखत, म्हणून खुणा आणखी कमी झाल्या. मित्रमंडळीत सगळे हसून झाले की बाबा हसत. पुढे त्यांनी तिथे जाणेच सोडले आणि दुपारभर भिंतीकडे बघत बसू लागले.

मग ते तेच तेच विचारू लागले. भलतेच उत्तर देऊ लागले. "ऐकू आलं नसेल," सगळे म्हणत. बहिरेपणाच्या आड विसरणे लपून बसले होते, आणि ते कुणीच ओळखले नाही. एकदा गॅस चालूच राहिला, तेव्हाही आईंनी लेकीला कळू दिले नाही.

सहा वर्षांनी आई अकरा दिवसांच्या आजारात गेल्या. लेक नोकरी सोडून बाबांजवळ राहायला आली. बटण शोधताना तिला मी सापडले. ती तशीच मला घेऊन बाईंकडे धावली. बाईंनी मला पुसले, नवी नळी आणि नवा सेल घातला.

"तेव्हाच लावलं असतं तर हे टळलं असतं का?" लेकीने विचारले.

"टळलंच असतं असं मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "पण इतकी वर्षं ते एकटे पडले नसते. आणि बदल झाला असता तर तुम्हाला लवकर कळला असता."

घरी येऊन लेकीने मला बाबांच्या कानात बसवले आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. तिथून तिचे ओठ दिसत नव्हते. ती हळूच म्हणाली, "बाबा."

बाबा झटकन वळले. मी माझे काम चोख केले होते. लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले, मग अदबीने म्हणाले, "बाई, एक काम कराल? आमची मुलगी आली ना, की तिला सांगा, मला आता ऐकू येतं. तिला फार बोलायचं होतं माझ्याशी."

"सांगते," ती म्हणाली.

आता मी रोज त्यांच्या कानात असते. बाबा पूर्वीइतके दचकत नाहीत, कोणी बोलले की तिकडे बघतात. काही दिवस बरे जातात. पण लेक त्यांच्या लेखी अजून "बाई"च आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी "काय म्हणालास?" असे विचारायचे सोडून नुसतेच मान हलवू लागले असेल, तर त्यांना कान तपासायला घेऊन जा. पहिल्या दिवसांचा गोंगाट त्यांच्याबरोबर बसून सोसा. त्यांच्या वतीने ऐकत बसू नका, आणि माझ्यासारख्याला डबीत जपून ठेवू नका. ते तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारतात तोवरच हे करा.