उलाळ गाडी

"दामू, हा पंख न्हाय, पाण्याची टाकी हाय," बाळाराम म्हणाला.

"टाकीच्याच साच्यातून काढलाय, शेट. दुसरा साचा कुठून आणू? गोलाई झकास आलीय. हवेला काय कळतंय टाकी का पंख?"

भिवंडीतल्या कामतघरच्या शेडमध्ये दामू जन्मभर फायबरच्या वस्तू करत आला होता. टाक्या, बाथरूमची दारं, ट्रकच्या टपावर हवा कापायला बसवायचे फुगे. आज तिथे एक लालभडक, दोन दरवाजांची, जुनी स्पोर्ट्स कार उभी होती आणि तिच्या पाठीवर दामू टाकीचा तुकडा बोल्टने आवळत होता. शेजारच्या लूमवरचे कामगार शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता तिथेच थांबले होते.

"चाचा, ये उडेगी क्या?" एकाने विचारलं.

"उडू नये म्हणूनच तो लगाया है," दामू म्हणाला. "विमान का पंख सीधा, ये उलटा. विमान को उठाता है, इसको दाबेगा."

हे ज्ञान बाळारामची मुलगी पूर्वी हिचं. ती डिप्लोमाला होती. तिने बापाला गाडीत बसवून हात खिडकीबाहेर काढायला लावला होता. तळवा पुढून वर केला की हात उचलला जातो, पुढून खाली झुकवला की दाबला जातो. बाळारामला ते इतकं आवडलं की तो आठवडाभर गावातून हात बाहेर काढून फिरला. मागचे रिक्षावाले, शेट उजवीकडे वळतोय, असं समजून जागच्या जागी थांबत, आणि शेट सरळ निघून जाई. नाक्यावर दोन वेळा भांडण झालं. दोन्ही वेळा बाळारामने खाली उतरून हवेचं शास्त्र समजावून सांगितलं, त्यामुळे भांडण वाढलं.

वळ गावच्या शेतांवर गोदामं उभी राहिली तेव्हा गावात सगळ्यांनीच मजले चढवले, गळ्यात जाड साखळ्या घातल्या. बाळारामनेही ते केलं. पण बैल विकल्यावर त्याच्या हातांना काही सुचेना. शर्यतीत गाडा पळवलेला माणूस तो. सोफ्यावर रिकामा बसला की हात आपोआप कासरा शोधायचे. शेवटी मुंबईच्या कुणा हौशी माणसाची ही गाडी घेऊन आला. दोनशेच्या वर पळते म्हणे. भिवंडीत तिला पहिले काही दिवस हातगाड्यांनी मागे टाकलं.

गाडी हळू चालते याचं त्याला काही नव्हतं. शेजारची सीट रिकामी राहते, हे मात्र त्याला खुपत होतं.

त्याची बायको आक्का पडघ्याची. बैलगाडी होती तेव्हा दोघं आठवडी बाजाराला पडघ्याला जायची. मागे भाताची पोती, पुढे बाळाराम, मधे आक्का. चढावर पोती मागे सरकली की गाडी उलाळ व्हायची. म्हणजे मागून बसायची आणि पुढून उठायची, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघायचं. बाळाराम वळूनसुद्धा न बघता म्हणायचा, "आक्का, फुडं सरक." ती पुढे सरकून त्याच्या पाठीला टेकायची, की गाडी खाली यायची. वाटेत त्यांच्यात एवढंच बोलणं व्हायचं. संसाराला तेवढं पुरलं.

नव्या गाडीत आक्का एकदाच बसली होती. नाशिक हायवेला लागल्यावर बाळारामने पाय दाबला. काटा शंभराच्या पुढे गेला आणि गाडी हलकी झाली. स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. आक्काने गाडी थांबवायला लावली, चपला हातात घेऊन उतरली आणि मागून आलेल्या जीपमध्ये जाऊन बसली.

"त्या इमानात मी परत बसायची न्हाय," घरी आल्यावर ती म्हणाली. "मना माहेरला रस्त्यानं जायाचंय. वरनं न्हाय."

तेव्हापासून ती सीट रिकामी. बाळारामला ते बघवेना. तो तिथे नारळांची पिशवी ठेवायचा आणि तिला पट्टा लावायचा.

म्हणून हा उलटा पंख. पण टाकीचा तो पंख बसवून तो हायवेला गेला आणि वेग घेताच गाडीचं नाक पहिल्यापेक्षा जास्त उचललं. बाळाराम घाबरला नाही. त्याचा चेहरा खुलला. घरी येऊन त्याने पूर्वीला हाक मारली.

"पोरी, गाडी उलाळ झाली."

"बरोबर आहे, बाबा. मागून दाबली म्हणून पुढून उठते. आता पुढे स्प्लिटर लाव."

"ता कंचा?"

"खालचा ओठ. जमिनीलगत पुढे काढायचा. समोरून आलेली हवा तिथे फाटते. गाडीखाली घुसत नाही, आणि वरची हवा त्या ओठावर बसते."

"म्हंजे फुडं पोतं ठेवल्यावानी."

"हवेचं पोतं," पूर्वी म्हणाली.

दामूने ओठ बनवला. फावड्यासारखा रुंद, जमिनीपासून बोटभर वर. खालून बोल्टची टोकं बाहेर आली होती.

"ती काप की," बाळाराम म्हणाला.

"खालून कोण बघतंय, शेट?"

त्याच संध्याकाळी बाळारामच्या पुतण्याची, भाविकची हळद होती. नवरदेवाला लाल गाडीपाशी फोटो हवा होता. मांडव रस्त्यावरच घातलेला, त्यात लांबलचक जाजम, जाजमावर बाया, मधोमध लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण ठकुबाई आणि तिला लागून आक्का.

बाळारामने गाडी अगदी हळू मांडवात घातली. ओठ जाजमाच्या कडेखाली शिरला, हे त्याला दिसलं नाही. फोटो झाला. त्याने रिव्हर्स टाकला आणि जाजम गाडीबरोबर निघालं. दामूच्या बोल्टांनी ते पक्कं धरलं होतं. वरच्या बाया बसल्या जागी मांडवाबाहेर निघाल्या. हळदीची वाटी कलंडली, एका म्हातारीने शेजारणीच्या अंबाड्याला धरलं. ठकुबाई मात्र देवाचं गाणं अर्धवट सोडायचं नाही म्हणून गातच राहिली, आणि गात गात नाल्याच्या दिशेने सरकत गेली.

"आवो, थांबा. आमी बसलोय वर," आक्का ओरडली.

बाळारामने ब्रेक मारला. उतरला. बायांची रांग हळदीने माखून त्याच्याकडे बघत होती. आता नारळांची पिशवीच जन्माची सोबतीण, असं त्याच्या मनात आलं.

दामू जेवण टाकून गाडीखाली घुसला होता. "सुटत नाय, शेट," खालून आवाज आला. "जाम धरलंय."

आक्का उठली. लुगडं झटकून तिने गाडीच्या नाकाला पायाने ढोसून बघितलं, मग जाजम ओढून बघितलं. आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली, ती थांबेचना.

"ही काय उडनार," ती म्हणाली. "जल्लीला जाजम सोडवंना, ती भुई कशी सोडंल?" मग हसू आवरून नवऱ्याला म्हणाली, "सकाळी पडघ्याला जायाचंय मना. भावाकडं."

सकाळी बाळारामने नारळ घरात ठेवले, सीट दोनदा पुसली. आक्का पिशवी मांडीवर घेऊन बसली. गावाबाहेरच्या गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज आला. बाळारामने आरशात बघितलं. दामूचा ओठ रस्त्यावर आडवा पडला होता, आणि त्यावरून एक ट्रक गेला.

आक्काने मागे वळून बघितलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

दोन्ही बाजूंना गोदामांचे पत्रे चमकत होते. त्यातल्या एका पत्र्याखाली त्यांचं भाताचं शेत होतं. हायवे मोकळा लागला. बाळारामचा पाय जुन्या सवयीने थोडा खाली गेला आणि त्याला हातात कळलं, नाक उचलतंय. तो पाय काढणार होता.

आक्का खिडकीबाहेर बघत होती. बघता बघताच ती सीटच्या कडेपर्यंत पुढे सरकली आणि दोन्ही हात समोर टेकून बसली.

बाळारामने काही सांगितलं नव्हतं.