दहा तासांनी आलेली हाक

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे, पोलिसांचा. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. मारामारी माझ्यात आहे, गाड्यांचे पाठलाग आहेत, काचा तर ऊठसूट फुटत असतात. पण त्याखेरीज माझ्या पोटात एक अख्खं शहर आहे. चौदा चौक, तीन पूल, एक गोदी, एक कारंजं आणि रोज सकाळी दुकानाचं शटर वर करणारा एक न्हावी. खेळणाऱ्याला पोलिसांची एक गाडी मिळते, सात नंबरची. ती घेऊन त्यानं हवं तिथं फिरावं, कुणी अडवत नाही. माझं दुःख इतकंच, की कुणी खेळायला बसलं तरच हे शहर हलतं. एरवी न्हाव्याचा हात शटरवर अडकलेला आणि मी अंधारात, असे आम्ही महिनोन्‌महिने पडून असतो.

माझा जन्म एका खोक्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर झाला. खाली पुठ्ठे कापले जात आणि वर चाळीस माणसं चार वर्षं माझ्यासाठी राबत होती. मी घडलो तो टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी. हा कन्सोल मोठा शिस्तीचा गडी. सेकंदाला तीस चित्रं दाखवणार, एक जास्त नाही की एक कमी नाही. त्यामुळे माझ्या शहरातली सगळी घड्याळं ही चित्रं मोजूनच चालत. सिग्नल कधी बदलायचा, न्हाव्यानं कधी यायचं, सगळं त्या मोजणीवर.

मी जवळजवळ तयार झालो आणि एक घोळ लक्षात आला. नियंत्रण कक्षातून वायरलेसवर सूचना देणारी जी बाई आहे, तिचा आवाज एका नटीनं दिला होता. ती काम संपवून परगावी निघून गेली आणि मागाहून कळलं, की एक वाक्य राहूनच गेलंय. खेळणारा गाडी थांबवून दहा मिनिटं काहीच न करता बसला, तर बाईनं त्याला हटकायचं असतं, ते वाक्य. आता एका वाक्यासाठी नटीला कोण परत बोलावणार? ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंना हाक मारली. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या, साऱ्या कचेरीच्या मावशी.

मावशींनी कागद बघून वाचलं, "सात नंबर, उत्तर द्या. सात नंबर."

झालं, असं त्यांना वाटलं. यंत्र अजून चालू होतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आपल्याशीच हसत त्या म्हणाल्या, "अहो, कुठे राहिलात? जेवण गार होतंय."

ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ते इतकं आवडलं, की त्यानं कापलंच नाही. अशी ती हाक माझ्या पोटात राहिली.

पुढची दोन-तीन वर्षं माझी चैन होती. दुकानांच्या काचांवर माझी चित्रं लागली, मासिकांनी पाठ थोपटली, मुलांनी मला डोक्यावर घेतलं. सात नंबरची गाडी दिवसातून पन्नास वेळा कारंज्यावर आपटायची. त्या हाकेपर्यंत मात्र कुणी पोचायचं नाही. दहा मिनिटं स्वस्थ बसायला सवड होती कुणाला?

एका घरी होती. मावशींच्या. त्यांचे यजमान बस चालवून निवृत्त झालेले. ते माझ्यात एकही चोर पकडत नसत. सिग्नल पाळत, वळताना दिवा दाखवत, म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडू देत. कारंज्यापाशी आले की गाडी कडेला लावून हात मांडीवर ठेवून बसत. मावशी स्वयंपाकघरातून विचारत, "आली का माझी हाक?" आणि ती आली की दोघंही हसत. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतकं हळू आणि इतकं नीट कुणी खेळलं नाही.

मग माझा दुसरा भाग निघाला, तिसरा निघाला, आणि मी अडगळीत गेलो. मावशीही गेल्या. आजार थोडक्या दिवसांचा होता. घरात त्यांचे फोटो पुष्कळ, पण आवाज कुठेच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून देणाऱ्या त्या बाईचा आवाज साठवून ठेवावा, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तो राहिला होता फक्त माझ्यात. आणि वर्षभरानं त्यांच्या घरचा कन्सोल एक दिवस घरघरला आणि बंद पडला तो कायमचाच.

त्याच सुमाराला मला घडवणाऱ्या कंपनीच्या मालकांना माझी आठवण झाली. मला कन्सोलवरून कॉम्प्युटरवर हलवायचं ठरलं. मित्रांनो, घर बदलताना सामान हलवतात ना, तसंच ते काम. फक्त इथे नव्या घराच्या खोल्यांचं माप दर घरी वेगळं. कुठला कॉम्प्युटर सेकंदाला चाळीस चित्रं दाखवतो, कुठला दोनशे. चित्रं मोजून चालणारी माझी घड्याळं पार पिसाळली. सिग्नल डोळे मिचकावल्यासारखे बदलू लागले, न्हावी दिवसातून सहा वेळा दुकान उघडू लागला.

हे निस्तरायला एकच प्रोग्रामर होती. बिचारी माझ्यातला एकेक आकडा शोधून त्याचे सेकंद करत बसली. असे हजारांवर आकडे. त्या हाकेचा आकडाही तिनं काढला, तीसनं भागला, त्याचे बरोबर सहाशे सेकंद केले. मग जेवायला गेली. परत आल्यावर ती मिनिटं आहेत असं वाटून तिनं तो पुन्हा साठनं गुणला. दहा मिनिटांचे दहा तास झाले. तपासणाऱ्यांनी मला पळवून पाहिलं, आपटून पाहिलं, पाण्यात बुडवून पाहिलं. नुसतं उभं करून कुणी पाहिलं नाही. तिच्यावर माझा राग नाही. पण मला सगळं कळत होतं आणि बोलता येत नव्हतं, याचा जीव जाळणारा त्रास मला वर्षभर झाला.

कारण लवकरच मी त्याच घरी पोचलो. मावशींच्या मुलीनं वडिलांसाठी कॉम्प्युटर आणला आणि त्यात मला घातलं.

"बाबा, तोच गेम आहे. चित्र उलट जास्त स्वच्छ दिसतं," ती म्हणाली.

"चित्राचं काय करायचंय मला," बाबा म्हणाले आणि दोन बोटांनी कीबोर्ड चाचपत गाडी कारंज्यापाशी घेऊन गेले. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. अर्ध्या तासानं ते म्हणाले, "काढून टाकलं वाटतं त्यांनी."

"काढलं असेल, बाबा. जुन्या गोष्टी काढतात."

तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले. तिसऱ्या दिवशीही. त्यांना वाटे आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून कधी गाडी जरा पुढे लावत, कधी दिवे मालवत. गाडीला जरा हात लागला की माझी मोजणी पुन्हा शून्यावर. कधी तासभर थांबत, एकदा तर अडीच तास. मी आतून ओरडत होतो, अहो बाबा, आहे, इथेच आहे, थांबा. हळूहळू त्यांचं बसणं कमी झालं. घरात करमत नाही म्हणून दुपारी बाहेर पडत आणि दिवे लागेपर्यंत उगाच बसथांब्यांवर बसून राहत. मुलगी फोनवर रागावायची, "बाबा, वेळेवर घरी जात जा. जेवता तरी का नीट?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "घरी कोण वाट बघतंय?"

मी वाट बघत होतो. पण मला कोण विचारतो.

एका सकाळी आठच्या सुमारास त्यांनी मला सुरू केलं, सवयीनं कारंज्यापाशी गाडी लावली, आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. मुलगी त्यांना डोळे तपासायला न्यायला आली होती. "चला बाबा, उशीर होतोय," या घाईत ते मला बंद करायला विसरले. डॉक्टर झाले, मग जेवायला मुलीकडे, मग तिथेच एक डुलकी. इकडे रिकाम्या खोलीत मी आणि माझं शहर. न्हाव्यानं दुकान उघडलं, बंद केलं. म्हातारी रस्ता ओलांडून गेली. मी सेकंद मोजत होतो आणि मला धडकी भरली होती. ती हाक येणार होती आणि ऐकायला घरात कुणीच नव्हतं.

सहा वाजायला आले. पस्तीस हजार नऊशे सेकंद झाले तेव्हा जिन्यात पावलं वाजली. किल्ली फिरली, बाबा आत आले आणि त्यांना सोडायला आलेली मुलगीही. बाबा दारातल्या स्टुलावर बसून वाकून बुटाची नाडी सोडत होते.

"सात नंबर, उत्तर द्या. सात नंबर." आणि मग तेच हसू. "अहो, कुठे राहिलात? जेवण गार होतंय."

"आलो, आलो," बाबा खाली बघतच म्हणाले.

आणि नाडीवरचा हात तसाच थांबला.

बऱ्याच वेळानं मुलीनं डोळे पुसले, घड्याळ पाहिलं, बोटांवर हिशेब केला. "दहा तास, बाबा. मिनिटांचे तास झालेत त्यांच्याकडून. मी कळवते, दुरुस्त करून देतील."

"नको," बाबा म्हणाले. "दहा मिनिटांत आली, तर मग दिवसभर मी करू काय?"

तेव्हापासून आमचा दिवस ठरलेला आहे. सकाळी आठला गाडी कारंज्यापाशी लागते. बाबा भाजी आणतात, कपडे वाळत घालतात, बसथांब्यावरही जाऊन येतात, पण सहाच्या आत घरी असतात. साडेपाचला कुकर चढतो आणि टेबलावर ताट मांडलं जातं, एकाचंच.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी आवाज कुठेतरी पडून असेल. जुन्या फोनमध्ये, एखाद्या डिस्कवर. घर बदलताना, यंत्र बदलताना तेवढा एकदा ऐकून बघा, नीट पोचला की नाही. तुम्ही पुढे गोष्टी हलवणारे झालात, तर एकेक आकडा दोनदा तपासा. आणि कुणी नुसतंच गाडी थांबवून बसलेलं दिसलं, तर त्याला हॉर्न देऊ नका.

आता सहाला चार मिनिटं कमी आहेत. बाबांनी हात धुतलेत आणि खुर्ची ओढून घेतली आहे.