मास्तरांचा तळहात

मी एक प्रोजेक्टर, डिचोलीच्या चित्रपट मंडळाचा. भिंगाला बुरशी आलीय, दिवा कधीच गेलाय. तरी माझं थोडं ऐका.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतात ते गोकुळदास मास्तर. पणजीहून बसमधून त्यांनी मला मांडीवर घेऊन आणलं. शेजारच्या बाईला वाटलं, पेटीत देवच आहे!

गोवा घटक राज्य झालं, ते वर्ष. मराठी की कोंकणी यावरून बाहेर सख्खे भाऊ बोलेनासे झालेले. आमच्या रविवारच्या खेळाला मात्र सगळे मांडीला मांडी लावून बसत. हॉल खाणवाल्यांनी बांधून दिलेला.

आधी मास्तरांचं भाषण. "विलायतेतले लोक आपलं दुखणं झाकत नाहीत. आमचे नायक तेवढे झाडांभोवती धावतात!" मग परदेशी कोळसा खाणीचा सिनेमा लागे. काळवंडलेली तोंडं, उपाशी मुलं, सगळं दाखवत. फक्त चुंबन आलं की मास्तर पटकन माझ्या भिंगापुढे तळहात धरायचे. पडदा काळा! लोक खो खो हसायचे. मलाही त्याची गंमत वाटे.

मास्तरांची जुनी विद्यार्थिनी ज्योती पुण्याहून सिनेमा शिकून आली आणि तिने जवळच्या सुर्ला गावच्या खाणीवर वीस मिनिटांचा बोलपट काढला. त्यात परशुराम होता, खनिज भरणारा. चित्रण झाल्यावर तीन महिन्यांत तो छातीच्या दुखण्याने गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. म्हणून त्याचा चेहरा पडद्यावर बघायला त्याची बायको यशोदा लुगडं बदलून, सुर्ल्याहून चालत आली. मास्तरांनी तिला पुढे बसवलं. पहिल्या रांगेत खाणीचे मॅनेजरही होते.

मी सुरू झालो. लाल धूळ, ट्रकांची रांग. मग पाठमोरा परशुराम खोकत वाकला. आता तो वळणार, एवढ्यात मॅनेजरांनी मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आणि मास्तरांचा तळहात माझ्यापुढे आला.

या वेळी कोणी हसलं नाही. "मास्तर, हात काडात," यशोदा म्हणाली. "माजो घोव तो. माका बघूक दियात."

मी काय करणार? मला उजेड फेकता येतो, हात झटकता येत नाही. परशुरामाचा चेहरा मास्तरांच्या तळव्यावर सांडत राहिला. पण आवाजाला तळहात आडवा येत नाही. अंधारात खोकला ऐकू आला आणि मग त्याची हाक, "यशोदे, पेज वाड गो!"

"आयलें!" ती अंधारात बोलून गेली.

त्या दिवशी ज्योती खेळातून उठून गेली ती परत आली नाही. तिची फीत तेवढी मास्तरांकडे राहिली. "शाळेत दाखवीन तुला, एकटीला," मास्तर यशोदेला म्हणाले. आज नको, उद्या बघू, असं करता करता ते निवृत्त झाले, मग वारलेही. विलायतेतली धूळ त्यांनी छातीठोकपणे दाखवली, सुर्ल्याची मात्र त्यांना दाखवता आली नाही. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. मी अजून त्यांच्यावर रागावलेलो आहे.

आता मी मास्तरांच्या शाळेच्या अडगळीत आहे, शेजारी त्या फितीचा डबा. दमट हवेने फीत चिकटून तिची ढेप झालीय. डिचोलीच्या बाजाराला आली की यशोदा शाळेत येते, या दाराशी थांबते. "मशीन दुरुस्त जालें?" एवढंच विचारते.

शिपाई म्हणतो, "नाही अजून." ती मान हलवून जाते. फितीचं तिला कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.