पाहुण्यांचं पाणी

नागेंद्रचं लग्न जमत नव्हतं, पण त्यात नागेंद्रचा काही दोष नव्हता. बेळगावात उद्यमबागच्या फौंड्रीत कायमची नोकरी, दात सरळ, व्यसन म्हणाल तर चहाचं. दोष पाण्याचा होता. नंदगडच्या पलीकडं, पठाराच्या पायथ्याशी त्याचं गाव. घरोघरी नळ आले होते, पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. सगळं गाव एका झऱ्यावर जगायचं आणि एप्रिल लागला की तो झरा करंगळीएवढा व्हायचा. अशा गावात पोरगी कोण देणार?

गावानं त्यावर तोड काढली होती. उन्हाळ्यात कुणाचं घर बघायला पाहुणे येणार असले की आदल्या दुपारी एक टँकर पठारावर चढायचा आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या खळग्यात रिकामा व्हायचा. सकाळी झरा असा वाहायचा की पाहुणे बघत राहायचे. याला गावात कुणी फसवणूक म्हणत नसे, पाहुणचार म्हणत. या टँकरावर बऱ्याच सुना गावात आल्या होत्या, आणि आता दुसऱ्यांसाठी टँकर सांगायला त्याच सगळ्यांत पुढं असायच्या.

नागेंद्रच्या आईनं, जयाबाईनं, तेच केलं. निपाणीकडचे परशराम आपल्या दिपालीसाठी घर बघायला आले, सोबत त्यांची बहीण अक्काताई. पोहे झाले, चहा झाला, आणि जयाबाईचा नवरा रवळू पाहुण्यांना मोठ्या ऐटीत झऱ्यावर घेऊन गेला. जयाबाई मागोमाग होतीच.

झऱ्याखाली बादली लावून एक अनोळखी बाई बसली होती. हातात स्टॉपवॉच.

ती सुनयना, बेळगावहून आलेली. पठारावर पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या, आणि त्यांच्यामुळं तिथल्या मातीचं नि पाण्याचं काय होईल ते तपासून अहवाल देण्याचं काम तिच्याकडं होतं. चौथ्या चक्कीचा पाया नेमका त्या खळग्यात आखला होता.

"झरा दणकट आहे," सुनयना म्हणाली. "एप्रिलमध्ये बादली इतक्या लवकर भरते, म्हणजे हा वरच्या खळग्यावर अवलंबून नाही. तिथं पाया घातला तरी याला काही होणार नाही. तसंच लिहिते."

"बारा म्हैनं असंच?" परशरामांनी विचारलं.

"बारा म्हैनं," रवळू म्हणाला. "कवा कवा जादाच."

जयाबाई पुढं झाली. "पाया म्हंजे किती खणणार, बाई?"

"घर मावेल एवढा खड्डा. काळी माती सगळी काढायची आणि काँक्रीट भरायचं."

वर्षानुवर्षं पाला कुजून ती माती झाली होती. काळी, घोट्यापर्यंत पाय बुडेल इतकी मऊ. पावसाळ्यात पोटभर पाणी पिऊन ठेवायची आणि मग वर्षभर थोडं थोडं खाली सोडायची. ती गेली तर करंगळीही गेली, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. जयाबाईला मनस्वी राग आला. नवऱ्याचा आला, पवनचक्कीचा आला, आणि नेमका आजचाच दिवस सापडलेल्या या बाईचा तर सगळ्यांत जास्त आला. पाहुणे माणसं चांगली होती. पोह्यांना नावं ठेवली नव्हती.

"त्यो झरा न्हाय, बाई," ती म्हणाली. "टँकर हाय."

बादली भरून वाहू लागली.

"काल दुपारी वर खळग्यात वतलाय, ह्या पाव्हण्यांसाठी. खरा झरा चार दिसांनी येऊन बघा."

रवळू आभाळाकडं बघू लागला. तिथं काहीही नव्हतं.

"वर ओतलं आणि आज इथं आलं?" सुनयनाचा चेहरा खुलला. चारचौघांत इतकं खूश होणं बरं दिसत नव्हतं, पण तिला आवरेना. "म्हणजे खळग्याचंच पाणी इथं येतं. हे सिद्ध करायला आम्हांला महिना लागला असता. आता तिथं पाया घाला असं मी लिहूच शकत नाही."

परशराम खूश नव्हते. ते गाडीत जाऊन बसले. अक्काताई बसता बसता म्हणाल्या, "पोहे चांगले झालते." त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

चौथी चक्की दुसरीकडं सरकली आणि गावानं जयाबाईचं कौतुक केलं. जयाबाई मात्र चुलीपुढं बसून रडली. गावाचा झरा राहिला होता आणि सून तिची गेली होती.

त्यानंतरच्या रविवारी नागेंद्रला दिपालीचा फोन आला. पोरानं गडबडीत स्पीकर लावला, त्यामुळं स्वयंपाकघरात सगळं ऐकू आलं.

"आत्यानं सांगितलं सगळं," दिपाली म्हणाली. "पाणी कमी हाय ते कळलं. आणतं कोण?"

"आई."

"आनि मी आल्यावर?"

नागेंद्रनं स्वयंपाकघराकडं, आईकडं बघितलं.

"विचार करून सांगा," म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी नागेंद्रनं घागर उचलली.

"कुठं चाललास रं?"

"पाण्याला."

"कुणी सांगितलं?"

"दिपालीनं."

तो परत आला तेव्हा निम्मं पाणी अंगावर होतं. दारात उभा राहून त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "आई, वतायचं कुठं?"

जन्मापासून या घरातलं पाणी पिणाऱ्याला पिंप कुठं असतं ते माहीत नव्हतं. जयाबाईनं बोट करून दाखवलं. त्यानं ओतलं. रिकामी घागर घ्यायला सवयीनं तिचा हात पुढं झाला, तो तिनं मागं घेतला.

"आनि एक खेप आण," ती म्हणाली.